गूफी जेवायला आला होता : कॅरेक्टर डायनिंगचे तुमचे अनुभव

सायलीचा_वेल
भाचीने काल न्यू जर्सीत एडिसनला पहाटेचा गजर लावून शेफ मिकीजचं बुकिंग मिळवलं. शेफ मिकीज म्हणजे डिस्ने वर्ल्डचं रेस्टॉरंट, जेवताना मिकी माउस, त्याचा मित्र गूफी अशी वेषातली मंडळी टेबलाशी भेटायला येतात. ह्यालाच कॅरेक्टर डायनिंग म्हणतात. हल्ली ६० दिवस आधी उघडतं. आम्ही २०१४ मध्ये गेलो तेव्हा १८० दिवस आधी करावं लागायचं. सासू-सासऱ्यांचा व्हिसा यायच्या आधीच मी टेबल धरून ठेवलं होतं. फोन ठेवला आणि सासरेच डोळ्यांसमोर उभे राहिले, म्हणून हा धागा.

ऑर्लँडोचं कंटेम्पररी हॉटेल १९७१ चं, डिस्ने वर्ल्ड सुरू झालं तेव्हापासूनचं. मोनोरेल थेट इमारतीच्या पोटातून जाते आणि शेफ मिकीजमध्ये बसलं की डोक्यावर दिसते. सासरे उभा जन्म एसटीत कंडक्टर. खाणं बाजूला ठेवून ते वरच बघत होते, प्रत्येक गाडीला "गेली" म्हणत.

तेवढ्यात गूफी आला. सासरे ताडकन उठले, टोपी सारखी केली, शेजारची खुर्ची ओढली. "बसा. दोन घास घ्या." गूफीने पोटावरून हात फिरवला, भरलंय म्हणून. सासऱ्यांनी बशीतला मिकीच्या तोंडाचा वाफल पुढे केला. "असं कसं, काहीतरी घ्याच." पुन्हा पोटावर हात. तिसऱ्या आग्रहाला गूफी बशीवर वाकला, लांबलचक वास घेतला, हात छातीशी नेला आणि सासऱ्यांना घट्ट मिठी मारली. सासरे खाली बसले आणि सासूबाईंना म्हणाले, "माणूस चांगला आहे."

पार्कात एकट्या मिकीसाठी पाऊण तास रांग, एक फोटो, की पुढचा नंबर. इथे मिकी, मिनी, डोनाल्ड, गूफी, प्लूटो पाचही जण आपल्या टेबलाशी येतात. आपण यजमान, ते पाहुणे. मला त्यातली गोडी हीच वाटते. तुमचं सांगा.

दहीबुत्ती
माणूस चांगला आहे 😭😭 कुकर लावून येते, मग लिहिते.

खाडीपलीकडे
आमचा मुलगा बोलत नाही. तेव्हा आठ वर्षांचा होता, २०१७, डिस्ने वर्ल्डच्या मॅजिक किंगडम पार्कातलं क्रिस्टल पॅलेस रेस्टॉरंट. कुठेही गेलो की लोक त्याला नाव विचारतात आणि मग आमच्याकडे बघतात. तिथे ईयोर आला, विनी द पूच्या गोष्टीतलं ते उदास गाढव. मुखवट्यातली मंडळी बोलतच नाहीत, सगळं हातांनी. ईयोरने मान खाली घातली, ह्याने खाली घातली. त्याने कान धरला, ह्याने स्वतःचा धरला. बराच वेळ चाललं होतं. सोबतची अटेंडंट बाई घाई न करता बाजूला उभी राहिली. त्या अख्ख्या खोलीत माझ्या मुलाला कोणी नाव विचारलं नाही. मी नवऱ्याचा हात धरून बसले होते, ताटातलं गार झालं.

सायलीचा_वेल
@खाडीपलीकडे काय लिहू. मुलाला खूप आशीर्वाद.

नागपूरचा_संत्रा
ते सगळं ठीक, पण खर्च सांगा ना. सकाळच्या नाश्त्याला मोठ्या माणसाचे पन्नास डॉलरच्या वर लागतात. दहा वर्षांचं पोरगंही मोठ्यात धरतात. चौघांचा हिशोब केला तर आमच्याकडे महिन्याचा किराणा येतो. आम्ही नाही गेलो आणि पोरं काही रडली नाहीत.

वाडीहुमण
@संत्रा बरोबर आहे तुमचं, सगळ्यांनी करावं असं काही नाही. तीन वर्षांच्या आतलं मूल फुकट असतं, आम्ही तेवढ्यासाठी धाकटीचा वाढदिवस यायच्या आधी उरकलं. मात्र ती प्लूटोला बघून टेबलाखाली जी शिरली ती बिल येईपर्यंत. प्लूटो लांबच जमिनीवर बसला आणि तिथूनच पंजा हलवत राहिला. जवळ यायचा हट्ट नाही केला. शेवटी टेबलाखालून एक छोटा हात बाहेर आला. माझ्याकडे त्या हाताचाच फोटो आहे.

आंबोलीचं_धुकं
मी अमेरिका पाहिली नाही, पण वेषातला पाहुणा पाहिलाय. सिंधुदुर्गात आमच्या गावच्या जत्रेला दशावतार. कंपनीतले काही जण आमच्या पडवीत उतरायचे. तोंड रंगवायचं ते आरसा हातात धरून, स्वतःचं स्वतः. मी सहा-सात वर्षांची, पाणी द्यायला गेले तर राजा मुकुट मांडीवर ठेवून चहात खाजं बुडवून खात होता. ओठाचा रंग जाऊ नये म्हणून तोंड मोठ्ठं उघडून. मला म्हणाला, "बाय, आणि एक दी." राजाने माझ्याकडे मागितलं! अख्खी रात्र रंगमंचावर तो तलवार फिरवत होता आणि मी शेजारणीला सांगत होते, ह्याला मी खाजं दिलंय. संकासुराला मात्र अजून घाबरते.

वाडीहुमण
आंबोली तू कुठल्या गावची गो? खाजं आता नीट मिळत नाही, आल्याचा पाक घट्ट नसतो.

आंबोलीचं_धुकं
तुझ्या पानावर विचारपुशीत सांगते. पाकाचं अगदी खरं.

निशीकासाई_लोकल
टोकियोवरून. आमच्या निशी-कासाईत आपली आयटीची मंडळी खूप, आणि डिस्नेलँडचं माइहामा इथून जवळच. टोकियो डिस्नेलँड १९८३ चं, अमेरिकेबाहेरचं पहिलं. तिथल्या अँबॅसेडर हॉटेलातही शेफ मिकी आहे. मी लेकीसाठी म्हणून गेले. शेजारच्या टेबलावर सत्तरीचं जपानी जोडपं, बरोबर मूलबाळ कोणी नाही. आजीबाईंनी मिनीसारख्या ठिपक्यांचा रुमाल गळ्यात बांधलेला. मिनीने तो रुमाल बघितला, मग स्वतःच्या झग्याकडे बोट केलं, आणि आजीबाई तोंडावर हात ठेवून रडायला लागल्या. आजोबा फोटो काढायचे विसरले, मी माझ्या फोनवर काढून त्यांना पाठवला. लहान मुलांचं कौतुक सगळेच करतात हो. सत्तरीच्या बाईच्या रुमालाची दखल कोण घेतं?

दहीबुत्ती
आले. भाजी करपली, असो. आमची कथा हाँगकाँगची. ग्रुप टूर, टूरवाल्यांनी जेवणाचे डबे बसमध्येच दिले आणि पार्कात चार तास. मुलाने हॉटेलातल्या नाश्त्याला मिकी असतो हे कुठेतरी वाचलेलं, तो सारखा विचारत होता आपला टर्न कधी. त्याला नाही म्हणताना पोटात तुटलं. आता नोकरीला लागलाय, म्हणतो आई तुला मी नेतो.

खाडीपलीकडे
जा नक्की! 🙏 सही घ्यायला जाड पेन न्या, त्या मोठ्या हातमोज्यांत बारीक पेन धरता येत नाही.

मेतकूट_भात
शाकाहारींचं काय होतं तिथे? आईबाबांना न्यायचंय मे मध्ये. आई अंडंही खात नाही.

सायलीचा_वेल
बुकिंग करताना लिहा आणि टेबलावर बसल्याबसल्या परत सांगा. आमच्याकडे शेफ स्वतः आला होता, बुफेत काय चालेल ते सासूबाईंना फिरून दाखवलं. अंड्याचं मात्र वाफलपासून सगळ्याचं विचारूनच घ्या. बटाटे, फळं भरपूर. डिस्ने वर्ल्डच्याच ॲनिमल किंगडम पार्कातल्या टस्कर हाउस रेस्टॉरंटला मसाल्याची चव असते, तिथे डोनाल्ड येतो. सिंड्रेलाच्या किल्ल्यातलं जेवण हवं असेल तर पैसे सगळे आधी भरावे लागतात.

मेतकूट_भात
थँक यू ताई. बाबाही टोपीवाले आहेत 🙂

वाडीहुमण
सायली, सासऱ्यांचा तो मिठीचा फोटो आहे का गं?

सायलीचा_वेल
जुन्या लॅपटॉपमध्ये असेल. सासरे जाऊन तीन वर्षं झाली. त्यांच्या पाकिटात त्या दिवशीचा कागदी नॅपकिन निघाला होता, तिथे सगळे नॅपकिन गरगर फिरवतात ना, तो. चार घड्या घालून, एसटीच्या पासमागे. लॅपटॉप चार्जिंगला लावलाय, सापडला की टाकते.