इम्यून कॉम्प्लेक्सला मराठीत काय म्हणावं?

खडीसाखर: ल्यूपसच्या (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते, तो आजार) रुग्णांसाठी एका पत्रकाचं भाषांतर करतेय. वाक्य असं झालंय: 'रक्तात अभिसरण करणारी प्रतिकारसंकुले मूत्रपिंडात साचतात.' आईला वाचून दाखवलं, तर म्हणाली, "संकुल? किडनीत दुकानं?" दुसरा शब्द सुचवा.

वाकडी_वेलांटी: संकुल मुळात विशेषण. गजबजलेलं, दाटलेलं. जनसंकुल रस्ता म्हणतोच की. महाभारतातलं संकुलयुद्ध म्हणजे सगळे एकमेकांत मिसळून चाललेली हातघाई. प्रतिजन (ज्यावर प्रतिकारशक्ती चालून जाते तो पदार्थ) आणि प्रतिपिंडं (अँटीबॉडी) तशीच एकमेकांत अडकतात, तोच इम्यून कॉम्प्लेक्स. बिल्डरांनी पळवला म्हणून शब्द सोडायचा?

टपालवाला: कॉम्प्लेक्सला 'गंड' आहे ना? प्रतिकारगंड!

खडीसाखर: म्हणजे पेशंट थेट मानसोपचाराच्या रांगेत.

मधुमालती: मला अकरा वर्षं ल्यूपस आहे. सुरुवातीला समजावताना 'अँटीबॉडीच्या गुठळ्या' असं सांगितलं होतं. मी दोन वर्षं रक्ताच्याच गुठळ्या समजत होते. ल्यूपसमध्ये काहींना त्याही होतात, म्हणजे घोळात घोळ. गुठळी नकोच.

आडनाव_नाही: आणि 'अभिसरण करणारी' का? अभिसारिका त्याच धातूतली. डोळ्यांपुढे नटूनथटून निघालेली प्रतिपिंडं येतात. सरळ 'फिरती' म्हणा.

सूक्ष्मदर्शी: नामावरून भांडताय, मला खटकतंय क्रियापद. 'साचतात' म्हटलं की ती बाहेर तयार झाली आणि चाळणीत अडकली, असा अर्थ होतो. सशांना परकं प्रथिन टोचून केलेल्या जुन्या प्रयोगांत तसं दिसलं होतं, आणि तेच चित्र ल्यूपसलाही लावलं गेलं. आता मानतात की बरीचशी संकुलं मूत्रपिंडात जागीच जुळतात. मेलेल्या पेशींतून सुटलेले डीएनएचे तुकडे हिस्टोन (डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या) प्रथिनांसकट येतात. हिस्टोनवर धनभार, गाळणीच्या पडद्यावर ऋणभार, त्यामुळे आधी ते चिकटतात आणि प्रतिपिंडं मागून येऊन त्यांना धरतात. फिरती अजिबात नसतात असं नव्हे, पण सगळं खापर त्यांच्यावर फोडू नका. खरी जाळपोळ पुढे कॉम्प्लिमेंट प्रथिनं (रक्तातली, प्रतिकाराला हातभार लावणारी) करतात. ती खर्ची पडतात म्हणून त्यांतल्या सी३, सी४ यांचं रक्तातलं प्रमाण उतरतं.

मधुमालती: अच्छा! दर वेळी सी३ बघतात ते म्हणून? माझ्या बायॉप्सीत 'फुल हाउस' लिहिलं होतं. मला वाटलं, हाउजी जिंकले.

सूक्ष्मदर्शी: आयजीजी, आयजीए, आयजीएम ही प्रतिपिंडं आणि सी३, सी१क्यू ही कॉम्प्लिमेंट प्रथिनं, सूक्ष्मदर्शकाखाली पाचही चमकली की तसं म्हणतात.

खडीसाखर: मग 'साचतात किंवा तिथेच तयार होतात' असं लिहू? मूळ इंग्रजीत फक्त डिपॉझिट आहे.

टपालवाला: डिपॉझिट म्हणजे ठेव. मुदत ठेव.

वाकडी_वेलांटी: साका! तळाशी बसतो तो साका. मराठीच्या पोटातला शब्द टाकून बँकेत कशाला जाता?

आडनाव_नाही: आमच्याकडे साका कुणी म्हणत नाही, गाळच म्हणतात. शिवाय साका स्थिर पाण्यात खाली बसतो, इथे रक्त वाहतंय. आणि वाचणारे पेशंट आहेत, शुद्धलेखन मंडळ नव्हे.

वाकडी_वेलांटी: पेशंटना मराठी येत नाही का? उद्या निवळीही बाद कराल.

मधुमालती: निवळी म्हणजे ताकावरची ना?

आडनाव_नाही: आजीकडे निवळीच्या बिया असायच्या. माठात आतून उगाळायची, सकाळी पाणी स्वच्छ.

वाकडी_वेलांटी: तीच संस्कृतातली कतक. पण ताकावरच्या पाण्याला आमच्याकडे निवळ म्हणतात, निवळी नाही.

टपालवाला: बिया अजून मिळतात का कुठे?