मदत हवी आहे : जर्मन फिगर्सवर वॉर्निशनंतर पांढरी झाक आली आहे, रंगकाम वाचवता येईल का?

बांधावरचा (धागाकर्ता)

नमस्कार. काल संध्याकाळी टेबलावरच्या युद्धखेळासाठी रंगवलेल्या माझ्या छोट्या जर्मन सैनिक-पुतळ्यांच्या (फिगर्सच्या) प्लॅटूनवर मॅट वॉर्निशचा स्प्रे मारला आणि आज सकाळी पाहतो तर जवळजवळ प्रत्येक फिगरवर पिठूळ पांढरी झाक आली आहे. हेल्मेटच्या कडेखाली, ब्रेडबॅगच्या (कमरेच्या पिशवीच्या) घड्यांत आणि गॅस मास्कच्या डब्याच्या पन्हळींत ती सर्वांत जास्त साचली आहे. काळे चामडी पट्टे राखाडी दिसू लागले आहेत आणि फेल्डग्राऊवर (जर्मन गणवेशाच्या हिरवट करड्या रंगावर) घेतलेले वॉश व हायलाइट (सावलीचे आणि उजळ हात) पार दबून गेले आहेत. रविवारी खेळ ठरला आहे, समोरची मराठा लाइट इन्फंट्री तयार आहे, आणि ९ एप्रिल १९४५ ची इटलीतल्या सेनिओ नदीवरची चढाई जर्मन मशीनगनांशिवाय मांडता येणार नाही. पुन्हा सगळे रंगवायला वेळ नाही. काय करावे, ते कृपया लवकर सांगावे.

कुंचला_आणि_फासे

फिगर्स कोणत्या मापाच्या आहेत, आणि त्या कडक प्लास्टिकच्या आहेत, मऊ प्लास्टिकच्या की धातूच्या? रंग ॲक्रिलिक आहे की इनॅमल? वॉर्निश मारला तेव्हा हवा कशी होती आणि आपण कोणत्या गावी आहात? एवढे कळल्याशिवाय दिलेला सल्ला अंदाजपंचे होईल.

ठाणेकर_मॉडेलर

हा त्रास मला चांगला ठाऊक आहे. १/७२ च्या मऊ प्लास्टिकवर रंग धरत नाही आणि बंदुकीच्या नळ्या जरा वाकल्या की पापुद्रे सुटतात. त्यावर एकच खात्रीचा उपाय आहे: फिगर्स साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन, वाळवून, त्यांच्यावर पाणी घातलेल्या फेविकॉलचा पातळ हात द्यावा आणि मगच प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) लावावा. वाळलेला फेविकॉल लवचिक राहतो, त्यामुळे नळी वाकली तरी वरचा रंग फुटत नाही.

बांधावरचा

ठाणेकर, माझा रंग सुटत नाही, पांढरा पडला आहे. फिगर्स २८ मिलिमीटरच्या आहेत. पायदळ कडक प्लास्टिकचे आणि मशीनगनचे तिन्ही चमू धातूचे. रंग सगळे ॲक्रिलिक आहेत. पांढरी झाक धातूवर आणि प्लास्टिकवर सारखीच आली आहे, तेव्हा फिगर कशाची आहे याने फरक पडत असेल असे वाटत नाही.

मुळशी_७२

माझे स्पष्ट मत असे आहे की या फिगर्स आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून, जुन्या टूथब्रशने सगळा रंग काढून नव्याने सुरुवात करावी. बिघडलेल्या थरावर दुसरा थर चढवला की बारीक तपशील बुजतात आणि २८ मिलिमीटरच्या चेहऱ्यावर नाक-डोळे आधीच जेमतेम असतात. घाईत केलेली डागडुजी टेबलावर वर्षानुवर्षे डोळ्यांत खुपत राहते.

कुंचला_आणि_फासे

मुळशी, हा शेवटचा उपाय झाला, तो पहिला म्हणून सांगू नये. धागाकर्त्यांचा रंग बिघडलेलाच नाही. तो खाली जसाच्या तसा आहे, फक्त वरचा थर पारदर्शक राहिलेला नाही.

मॅट वॉर्निशमध्ये चमक मारण्यासाठी अतिशय बारीक पूड, बहुधा सिलिकाची, मिसळलेली असते. ती डब्याच्या तळाशी बसते आणि नीट मिसळली गेली नाही किंवा थर जाड पडला, तर खाचांमध्ये गोळा होते. दुसरे कारण दमट हवा: स्प्रेमधला द्रावक झपाट्याने उडतो, त्यामुळे पृष्ठभाग थंड पडतो, त्यावर हवेतले बाष्प धरते आणि वॉर्निश त्या ओलीसकटच घट्ट होतो. थरात राहिलेल्या सूक्ष्म खळग्यांमुळे प्रकाश विखुरतो आणि आपल्याला पांढरे दिसते. काही वेळा ही दोन्ही कारणे एकत्र येतात.

आता करायचे असे. एकच फिगर घ्या, स्वच्छ पाण्यात बुडवलेला मऊ कुंचला तिच्या पाठीवरून फिरवा आणि पाठ ओली असतानाच उजेडात धरून पाहा. ओल्या जागी पट्टे पुन्हा काळे आणि अंगरखा पुन्हा हिरवट दिसला, तर पाण्याने ते खळगे तात्पुरते भरले असा त्याचा अर्थ आहे, आणि पाण्याचे हे काम ग्लॉस वॉर्निश कायमचे करील. ओले असतानाही पांढरे कण तसेच दिसत राहिले, तर ती वर बसलेली पूड आहे. फिगर पूर्ण वाळू द्यावी आणि ती पूड कोरड्या, आखूड केसांच्या ब्रशने हलक्या हाताने काढावी. त्यानंतर पाण्यात विरघळणाऱ्या ॲक्रिलिक ग्लॉसचा एक पातळ हात कुंचल्याने द्यावा आणि तो पूर्ण वाळल्यावर वर मॅट, तोही कुंचल्यानेच. हवा दमट असेल तर स्प्रेला पुन्हा हात लावू नये.

आपण गाव आणि हवा अजून सांगितलेली नाही.

वस्त्रप्रावरण

पांढरी झाक बाजूला ठेवून मूळ रंगाबद्दल लिहितो, कारण एप्रिल १९४५ चा इटलीतला जर्मन सैनिक १९४० च्या फ्रान्समधल्या सैनिकासारखा रंगवला, तर वॉर्निश कितीही स्वच्छ बसला तरी तो चुकीचाच दिसेल. १९३६ च्या अंगरख्याची कॉलर गडद बाटली-हिरवी होती आणि विजार वेगळ्या, करड्या छटेची असे. १९४० पासून विजारही फेल्डग्राऊ झाली, पुढे कॉलरचा वेगळा रंग गेला, कापडातली लोकर कमी होत जाऊन त्यात कृत्रिम धागा आणि फेरवापराची लोकर वाढली, आणि १९४४ च्या आखूड जाकिटाची छटा तर स्पष्टपणे तपकिरीकडे झुकते. गुडघ्याखालपर्यंतच्या उंच बुटांऐवजी घोट्यापर्यंतचे बूट आणि कॅनव्हासचे गेटर्स (घोट्यावरची वेष्टने) बहुतेकांच्या पायांत आले होते. आपण व्हॅलेहो कंपनीचा ७०.८३० क्रमांकाचा फेल्डग्राऊ सगळ्यांना सरसकट दिला असेल, तर निदान दर चार सैनिकांमागे एकाला त्यात थोडा तपकिरी मिसळून द्यावा. इटलीतले जर्मन सैनिक इटालियन छद्मकापडाचे शिवलेले कपडेही वापरत. एखाद्या मशीनगनरच्या अंगावर ते फार शोभून दिसेल.

मुळशी_७२

वस्त्रप्रावरण यांच्याशी सहमत आहे, पण एवढ्या छटा बदलायच्या असतील तर माझा रंग काढण्याचा सल्लाच योग्य ठरतो.

कुंचला_आणि_फासे

मुळीच नाही. ग्लॉसचा थर वाळला की त्याच्यावर छटा बदलता येते, आणि ती पसंत पडली नाही तर ओल्या बोळ्याने लगेच पुसताही येते. अल्कोहोलने ॲक्रिलिकबरोबर प्रायमरही निघेल आणि रविवार हातचा जाईल.

न्यूर्नबर्गवासी

मी नोकरीनिमित्त न्यूर्नबर्गमध्ये राहतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. हे शहर कथलाच्या सपाट फिगर्सचे जुने केंद्र आहे. एर्न्स्ट हाइनरिक्सनच्या कारखान्याने १८४८ मध्ये ३० मिलिमीटरचे माप रूढ केले आणि संग्राहक आजही ते न्यूर्नबर्गचे माप म्हणूनच ओळखतात. कुल्मबाखच्या प्लासेनबुर्ग किल्ल्यात या फिगर्सचे मोठे संग्रहालय आहे. पाटीच्या दगडात कोरलेल्या साच्यातून निघालेली ही फिगर पोस्टाच्या कार्डाइतकी चपटी वाटते, आणि तिच्या अंगरख्याची घडी, गालाचा उंचवटा, बाहीखालची सावली हे सारे रंगकाराला कुंचल्यानेच उभे करावे लागते. त्यासाठी इथले जुने रंगकार तैलरंगांवर भरवसा ठेवतात. माझा सल्ला असा की व्हाइट स्पिरिटमध्ये अगदी पातळ केलेला बर्न्ट अंबर तैलरंग सगळ्या फिगर्सवर फिरवावा. पांढरेपणा जाईल आणि सावल्याही आयत्या मिळतील.

आणखी एक. डिकॅल्सबद्दल (फिगरवर चिकटवायच्या चिन्हांबद्दल) जर्मनीत काळजी घ्यावी लागते, कारण इथल्या दंडसंहितेच्या कलम ८६ अ नुसार नाझी चिन्हांच्या जाहीर वापरावर बंदी आहे. आपल्या फिगर्सच्या हेल्मेटवर अशी चिन्हे लावली असतील, तर त्यांची छायाचित्रे इथे टाकण्यापूर्वी विचार करावा.

वस्त्रप्रावरण

त्यांना हेल्मेटवर काही लावण्याची गरजच नाही. तिरंगी ढालीचे चिन्ह १९४० मध्ये आणि गरुडाचे १९४३ मध्ये बंद झाले होते. १९४५ चे हेल्मेट खरबरीत, मॅट आणि कोरेच हवे.

कुंचला_आणि_फासे

न्यूर्नबर्गवासी, तैलरंगाने झाक जाते हे खरे आहे, पण व्हाइट स्पिरिटची त्या विशिष्ट स्प्रे-वॉर्निशशी कशी प्रतिक्रिया होईल हे आधी तपासावे लागेल, आणि हवा पावसाळी असेल तर तैलरंग वाळायला रविवार उलटून जाईल. शिवाय तपकिरी थर सगळीकडे बसला की चेहरेही मातकट होतील. सपाट फिगरला शोभणारी पद्धत गोल फिगरला तशीच लावू नये.

चतुरंग_दल

आपण कोणत्या नियमांनी खेळणार आहात? बोल्ट ॲक्शन ही नियमावली असेल, तर माझे मत चेन ऑफ कमांड या दुसऱ्या नियमावलीकडे झुकते. त्यातल्या गस्तीच्या टप्प्यामुळे दोन्ही बाजू कोठून टेबलावर उतरतील हे खेळातच ठरते आणि जर्मन सेक्शनचा सगळा भार मशीनगनवर कसा होता, ते हातात फासे घेतल्याबरोबर कळते. बोल्ट ॲक्शनच्या दुसऱ्या आवृत्तीत जर्मन मशीनगनला एक फासा जास्त मिळतो, तेवढ्याने मिनिटाला सुमारे १२०० गोळ्या झाडणाऱ्या एमजी ४२ ची दहशत उभी राहत नाही.

बांधावरचा

कुंचला यांनी सांगितल्याप्रमाणे मशीनगनच्या एका साहाय्यकावर पाण्याचा कुंचला फिरवून पाहिला. ओल्या पाठीवर पट्टे एकदम काळेभोर झाले, दारूगोळ्याच्या डब्यावरचा घासटलेला कोपरासुद्धा दिसू लागला आणि वाळताना कडेकडून पांढरेपणा परत आला. हेल्मेटच्या कडेखाली मात्र ओले असतानाही बारीक दाणे तसेच राहिले. ते कोरड्या ब्रशने बरेचसे निघाले आहेत. मी रत्नागिरीत आहे, स्प्रे गॅलरीत मारला होता आणि दुपारपासून पावसाची संततधार होती.

ग्लॉस आणि मॅट यांच्यात किती वेळ जाऊ द्यावा? रंग काढणार नाही. अंगरख्यांच्या छटांचा सल्ला पटला आहे. खेळानंतर काही जणांना तपकिरी देईन.

चतुरंग, नियम बोल्ट ॲक्शनचेच राहतील, कारण समोर बसणारे काका तेच खेळतात. या तीन चमूंबद्दल मी इतका हट्ट धरतो आहे, कारण सगळा प्रसंग त्यांच्याभोवती फिरतो. नामदेव जाधव मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमधले कंपनी रनर (निरोप्या) होते. मशीनगनच्या माऱ्यात पुढची तुकडी कापली गेल्यावर त्यांनी दोन जखमींना नदीच्या खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी पोहोचवले, मग परत फिरून पूर्वेकडच्या बांधावरची तिन्ही मशीनगन-ठाणी एकट्याने निकामी केली. हाताला गोळी लागल्यावर टॉमी गन टाकून त्यांनी ग्रेनेड वापरले आणि शेवटी उखळी तोफांच्या माऱ्यात बांधाच्या माथ्यावर उघडे उभे राहून, मराठ्यांची रणगर्जना करत, मागच्या कंपन्यांना पुढे बोलावले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ती ठाणी टेबलावर धड दिसली नाहीत, तर खेळणाऱ्याला त्या माणसाने काय केले ते कळणार नाही.

कुंचला_आणि_फासे

रत्नागिरीचा पाऊस म्हणजे कारण मिळाले. ग्लॉस रात्रभर वाळू द्या. स्पर्शाला तो तासाभरात कोरडा वाटेल, पण या हवेत तेवढ्यावर विसंबू नका. फिगर्स झाकण असलेल्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवल्या तर बरे. मॅटची बाटली उघडण्यापूर्वी चांगली हलवा, थोडा वॉर्निश रंगाच्या थाळीत काढून घ्या आणि कुंचला अर्धवट पुसूनच लावा. हेल्मेटच्या कडेखाली आणि ब्रेडबॅगच्या घडीत थेंब साचला, तर तो कोरड्या कुंचल्याने लगेच टिपून घ्या. आधी तो एक साहाय्यक पूर्ण करा, दिवसाच्या उजेडात पाहा आणि मगच बाकीच्यांना हात लावा.

वस्त्रप्रावरण

गेटर्स मात्र रविवारपूर्वीच रंगवा. ते काम तासाभराचे आहे आणि मॅट लावण्याच्या आधी करता येईल.

चतुरंग_दल

काकांना माझा नमस्कार सांगा. तिन्ही ठाणी बांधाच्या माथ्यावर मांडणार आहात की उतारात खणलेली दाखवणार आहात? माथ्यावर ठेवलीत तर मराठ्यांना ती नदीत उतरण्यापूर्वीच दिसतील, आणि मग त्या दिवसाची कोंडी खेळात उतरणार नाही.

बांधावरचा

उतारातच खणलेली दाखवणार आहे. बांध थर्मोकोलचे कापून तयार आहेत आणि वर खरी माती चिकटवली आहे. ग्लॉसचा हात आत्ताच सगळ्यांना दिला. साहाय्यकाला उद्या सकाळी मॅट लावून इथे छायाचित्र टाकतो.