पोटरीची सूज आणि मज्जारज्जू

सूज पोटरीत असताना दुखणे इतरत्र पसरणे हा निव्वळ मनाचा खेळ आहे, हे काहींचे मत मला पटत नाही. हायडेलबर्ग येथील होहायझेल, कोख आणि मेन्से यांनी 1994 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उंदरांच्या पोटरीच्या स्नायूत कॅरागीनन हा दाहकारक पदार्थ टोचून दाह निर्माण केला, तेव्हा काही तासांतच मज्जारज्जूच्या मागील भागातील अशा चेतापेशीही त्या स्नायूकडून येणाऱ्या संदेशांना प्रतिसाद देऊ लागल्या, ज्या एरवी त्यांना फारशी दाद देत नाहीत. दाहामुळे स्नायूतील वेदनावाहक तंतू सतत उद्दीपित राहतात आणि मज्जारज्जूत ग्लुटामेट व सबस्टन्स पी ही संदेशवाहक द्रव्ये सोडतात. त्यामुळे चेतापेशींवरील एनएमडीए ग्राहींना (ग्लुटामेटचा संदेश टिपणाऱ्या प्रथिनांना) अडवून धरणारा मॅग्नेशियमचा आयन बाजूला होतो, कॅल्शियम आत शिरते आणि चेतापेशींमधील पूर्वी निष्प्रभ असलेल्या जोडण्या जाग्या होतात; म्हणून दुखणे पोटरीपलीकडेही जाणवू शकते. प्रयोग उंदरांवरचा आहे, हे खरे. तरीही स्नायूदुखीच्या रुग्णाने दूरवरच्या वेदनेची तक्रार केली, तर तिच्यावर अविश्वास दाखवणे मला अन्यायाचे वाटते, कारण त्या वेदनेमागे चेतापेशींमधील प्रत्यक्ष बदल असू शकतो.