थंडीतला किनारा, रमतगमत चालणं: तुमचे अनुभव सांगा

गेल्या डिसेंबरात गुहागरला मामेभावाकडे गेले होते. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पहाटेच जाग आली, म्हटलं पाच मिनिटं पाय भिजवून येऊ. अनवाणीच पुळणीवर उतरले. परतले तेव्हा अकरा वाजले होते आणि घरातले पोहे कधीच संपले होते.

गेले तेव्हा पाणी पार आत गेलेलं. ओली वाळू इतकी घट्ट की पाय रुतेनात. दक्षिणेकडे चालत होते, त्यामुळे जमिनीवरून येणारा मतलई वारा डाव्या गालाला गार लागत होता. लाटा एवढ्याशा, उठायचाही कंटाळा आल्यासारख्या. चिमुकल्या कुर्ल्यांनी आपापल्या बिळांभोवती वाळूच्या गोळ्यांची रांगोळी घातली होती. ती न मोडता चालायचं ठरवलं आणि वेग आपोआप गोगलगायीचा झाला. सूर्य सुरूच्या शेंड्यांवर आला तरी ऊन टोचत नव्हतं. परतताना मात्र मऊ वाळूच तेवढी उरली होती, पोटऱ्या भरून आल्या.

बाकी काही म्हणजे काही घडलं नाही. तुमचाही असा एखादा दिवस असेल तर लिहा. माशांच्या ताटांचे फोटो नकोत, चालणं हवं.

* * *

पोटऱ्या भरणारच! मामेभावाने तिथीचं गणित सांगितलं नाही वाटतं? तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता भरती, म्हणजे सकाळी नऊच्या सुमारास ओहोटी. तुमची वद्य प्रतिपदा: भरती पाऊण वाजता, ओहोटी साडेसहा-सातला. अकरापर्यंत रेंगाळलात तर पाणी सुरूच्या बनाला भिडायला आलेलं असणार. आणि पौर्णिमा-अमावास्येला उधाण, त्यामुळे ओहोटीला किनारा रुंद आणि भरतीला तेवढाच चिंचोळा. गणित मिनिटाला बरोबर नाही, पण फिरणाऱ्याला पुरतं. रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकवत जायचं. मी हर्णैचा, आता पुण्यात. पंचांग अजून त्यासाठीच घेतो असं बायको म्हणते.

* * *

हे गणित आधी कळलं असतं तर! अलिबागला ओहोटीत चालत कुलाबा किल्ल्यात गेलो. जानेवारी, लख्ख ऊन. तटाचा दगड छान कोमट झाला होता, त्याला पाठ टेकून शेंगा खात बसलो. भर खाऱ्या पाण्यात असून आत गोड्या पाण्याची सोय आहे, त्याचं कौतुक करत आणखी अर्धा तास काढला. बाहेर आलो तर वाट बुडायला लागलेली. किनाऱ्यावरून घोडागाडीवाला हातवारे करत होता, तो आम्हाला वाटलं टाटा करतोय. गुडघाभर पाण्यातून कसेबसे पोचलो. हसू आलं ते नंतर. कुणी हे धाडस म्हणून करू नका.

* * *

मालवणजवळचा अनुभव. आम्ही दोघी बहिणी गप्पा मारत चाललो होतो, पुढे रापण ओढणं चाललं होतं. जाळ्याची दोन टोकं किनाऱ्यावर, प्रत्येक दोरीला पंधरा-वीस माणसं, मागे मागे सरत एका तालात ओढतायत. आम्ही फोन काढले. एक आजोबा म्हणाले, "नुसते बघतास काय? दोरी धरा!" धरली. ओली दोरी तळव्याला किती कापते ते तेव्हा कळलं. तासाभराने जाळं वर आलं तेव्हा निम्म्याहून जास्त पेडवे, थोडे बांगडे. त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं की आज फार नाही. तरी त्यातले चार बांगडे आमच्यासमोर धरले, "हे घराक व्हरा." नको म्हणायची सोय नव्हती. पिशवी नाही, म्हणून ओढणीत बांधून उरलेला किनारा चाललो. (हे ताट नाही, तेव्हा नियमात बसतं.)

* * *

सिडनीहून. इथला हिवाळा जुलैत, म्हणजे आषाढी एकादशीच्या आसपास! बाँडाय ते कूजी अशी 6 किलोमीटरची कड्यावरची पायवाट आहे. आई आली होती, म्हणून दोन तासांच्या वाटेला आम्ही पाच तास लावले. ती दर बाकावर बसायची. मला घाई, हिला पुढचा किनारा दाखवू, मग पुढचा. एका बाकावर ती म्हणाली, "थांब, तिथे काहीतरी फुस्स झालं." देवमासे. त्या दिवसांत ते दक्षिणेकडून उबदार पाण्याकडे निघालेले असतात. एवढ्या वर्षांत त्या वाटेवर मी नेहमी पळायलाच गेलो होतो, मला कधी दिसले नव्हते.

* * *

धागाकर्ती: हर्णैवाले काका, पाणी खरंच सुरूपर्यंत आलं होतं. मामेभावाला आत्ताच फोन करून पाऊणपटीचं विचारलं. त्याला ठाऊक होतं. म्हणाला, "तू सांगून गेलीस कुठे? आम्ही पोह्याला शोधत होतो."