वेदीवर समता, तलाठ्याकडे हक्कसोड: लग्नाच्या शिबिरात वारसाहक्काचा तास हवा की नको?

पापडीची लेक (धागाकर्ती)

ख्रिस्ती धर्मात स्त्री-पुरुष समान आहेत हे मला कुणी नव्यानं सांगू नये. गलतीकरांस पत्रातलं तिसऱ्या अध्यायातलं अठ्ठाविसावं वचन शाळेतच पाठ झालंय. ८ मार्चला धर्मग्रामात, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीत, खास मिस्सा (देवळातली उपासना) होते, बायका वाचनं करतात, पंडिता रमाबाईंवर कुणीतरी भाषण ठोकतं. सगळं छान. मला बोलायचंय ते सातबाऱ्याबद्दल.

वसईच्या पश्चिम पट्ट्यातली रीत सांगते. वडील जातात. महिन्याच्या मिस्साला बहिणी माहेरी येतात. जेवणं आटोपतात, भांडी घासायला बहिणीच बसतात, आणि तेवढ्यात भाऊ प्लॅस्टिकच्या फोल्डरमधून कागद काढतो. हक्कसोडपत्र. कधी नोंदणी कार्यालयात नेतो. तिथं कॅमेऱ्यापुढं बसायचं, अंगठा टेकवायचा, सही करायची. 'वाचून बघू का?' असं विचारणारी बहीण मी अजून पाहिली नाही, कारण विचारलं तर ती लोभी ठरते. परत येताना एक साडी आणि मिठाईचा पुडा. संपला बापाच्या वाडीशी संबंध.

कायदा काय म्हणतो? भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५. ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता गेला आणि मागं बायको-मुलं असली, तर विधवेला एक तृतीयांश, उरलेल्यात मुलगा-मुलगी अगदी बरोबरीनं. म्हणजे आमच्या हिंदू मैत्रिणींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानं हक्क महाराष्ट्रात १९९४ला आणि देशभर २००५ला मिळाला, त्याच्या कितीतरी आधीपासून आमचा हिस्सा कागदावर पक्का आहे. आणि तरी सगळ्यात गुमान सह्या करणाऱ्या आम्हीच.

माझी सूचना साधी आहे. लग्नाआधी प्रत्येक जोडप्याला विवाहतयारीच्या शिबिराला बसावं लागतं. तिथं संवाद, नैसर्गिक कुटुंबनियोजन, मुलांची श्रद्धा, सगळं शिकवतात. त्यात एक तास वारसाहक्काचा घाला. वधूला आणि वरालाही. उद्या सही मागणारा तोच असणार आहे.

रमेदीचा बाबू

ताई, तुमचा राग कळतो, पण देवळाला तलाठी कार्यालय करू नका.

लूकचा बारावा अध्याय काढा. गर्दीतला एक जण येशूला म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला सांगा, वतनाची वाटणी करून दे. येशू काय म्हणाला? मला तुमच्यावर न्यायाधीश कुणी नेमलं? आणि लगेच लोभापासून सांभाळा म्हणून बजावलं. प्रभूनं स्वतः ज्यात हात घातला नाही त्यात फादरांनी घालायचा?

दुसरं, जरा व्यवहार बघा. आमची वाडी बारा गुंठे. आम्ही पाच भावंडं. पाच तुकडे केले तर प्रत्येकाच्या वाट्याला अडीच गुंठेसुद्धा येत नाहीत, त्यात केळी लावायची की विहीर राखायची? आई-बाबांचं दुखणं-खुपणं मी काढलं. बहिणींच्या लग्नात सोनं घातलं, मांडव घातला, बँड लावला, ते कुठल्या सातबाऱ्यावर चढवायचं? बहिणीनं मनानं सोडलं तर तो त्याग आहे. त्यागाला तुम्ही फसवणूक म्हणता. आणि बहिणीचा हिस्सा जावयाकडे गेला की वर्षभरात तिथं बिल्डरचा फलक लागतो. वसईची हिरवाई वाचवायला लोकांनी लाठ्या खाल्ल्यात.

पापडीची लेक

बाबूभाऊ, लूक बारा मीही वाचलाय. लोभाचा इशारा सगळ्या गर्दीला आहे, हिस्सा मागणाऱ्यापुरता नाही. त्यानंतर लगेच येशू गोष्ट सांगतो ती कोठारं पाडून मोठी बांधणाऱ्याची. म्हणजे ज्याच्याकडे आधीच आहे, त्याची.

हिरवाईचं म्हणाल तर आजवर बिल्डरांना वाड्या कुणी विकल्या? ज्यांची नावं सातबाऱ्यावर होती त्यांनीच ना? ती नावं बहुतेक भावांची होती. बहिणींना तर विकायलाही काही नव्हतं.

आणि त्याग. त्यागाला आधी आपलं काय आहे ते माहीत असावं लागतं. मी एवढंच म्हणतेय की तिला माहीत असू द्या. मग खुशाल सोडू दे.

गणना २७

नावावरूनच कळलं असेल मी कुठं आहे 🙂 बायबलातल्या गणना पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात. सलाफहादाच्या पाच मुली मोशेपुढं उभ्या राहिल्या: आमच्या बापाला मुलगा नव्हता म्हणून त्याचं नाव का बुडावं, आम्हाला वतन द्या. मोशेनं देवाला विचारलं, देव म्हणाला, मुली बरोबर बोलतात. जुन्या करारात वारसाहक्काचा नियम बदलला तो पाच बायकांनी तंबूच्या दारात येऊन मागितला म्हणून.

रमेदीचा बाबू

पुढंही वाचा. मुलगा नसेल तरच मुलींना, असा नियम आहे. आणि छत्तिसाव्या अध्यायात त्यांना स्वतःच्याच वंशात लग्न करायची अट घातली, का तर जमीन दुसऱ्या वंशात जाऊ नये. म्हणजे माझीच काळजी मोशेलाही होती.

गणना २७

मान्य, अट होती. मग ईयोबाचा शेवटचा अध्याय बघा. ईयोबाला मुलगे होते, तरी त्यानं मुलींना भावांबरोबर वतन दिलं. अट नाही, कारण नाही. आणि त्या अध्यायात नावं मुलींचीच दिलीत, मुलग्यांची नाहीत.

नगरी पाळकपुत्र

तुमचं सगळं बागायतदारांचं भांडण चाललंय. आमच्याकडे नगर जिल्ह्यात बहुतेक ख्रिस्ती घरं दलित समाजातून आलेली. सातबारा कुठला? माझ्या आजीला शेत मिळालं नाही, तिला मिळाली ती नर्सिंगची पदवी, मिशनच्या दवाखान्यात. फॅरारबाई १८२७ला अमेरिकेहून मुंबईत आल्या, पुढं नगरला त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या, सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं तेही त्यांच्याच हाताखाली. मिशननं आमच्या बायकांना जमीन दिली नाही, पगार दिला. आणि पगारवाल्या बाईपुढं घरातला आवाज आपोआप खाली येतो, हे मी माझ्या घरात पाहिलंय. आजोबा पाळक होते, पण घर आजीच्या पगारावर चालायचं आणि दोघांनाही ते ठाऊक होतं.

तरी मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, काय? उपासनेला साठ टक्क्यांवर बायका (माझा अंदाज, मोजायला बसलेलो नाही), महिला मंडळ सगळ्यात जिवंत, संडे स्कूल बायकांचं, हंगामाच्या सणाचा स्वयंपाक बायकांचा. मंडळीचा कारभार बघणाऱ्या पास्टोरेट कमिटीत मात्र दोन खुर्च्या, त्याही 'महिला प्रतिनिधी' म्हणून. दक्षिण भारताच्या मंडळीत (चर्च ऑफ साउथ इंडिया) २०१३ला नंद्यालला ई. पुष्पा ललिता बिशप झाल्या. मुक्तिफौजेत (साल्वेशन आर्मी) बायका सुरुवातीपासून व्यासपीठावर उपदेश करतात, १९३४ला तर एव्हँजेलीन बूथ जगभरच्या फौजेच्या जनरल झाल्या. नगरच्या बूथ हॉस्पिटलला नाव त्यांचंच आहे. हे घडू शकतं, घडलंय. मग धाग्याचा विषय वेदी का नाही?

ताई, तुमच्या शिबिरात तो तास घेणार कोण? जोवर व्यासपीठ पुरुषाचं आहे तोवर तुमचा तास म्हणजे 'पत्नींनो, पतीच्या अधीन असा' याच्यावरच येऊन थांबणार.

पापडीची लेक

तुम्ही प्रोटेस्टंट, तुमच्याकडे दार किलकिलं आहे. आमच्याकडे १९९४ला पोप दुसरे जॉन पॉल यांनी स्त्रियांना धर्मगुरुपद नाही म्हणून लेखी सांगितलं. फ्रान्सिस पोपनी २०१६ला पवित्र गुरुवारी बायकांचे पाय धुवायची मुभा दिली, २०२१ला वाचक आणि वेदीसेवकाचं पद रीतसर खुलं केलं, २०२३च्या सिनडमध्ये, म्हणजे बिशपांच्या सभेत, बायकांनी पहिल्यांदा मतदान केलं. मला याचं मोल आहे. पण वेदीचा निर्णय रोममध्ये होणार. हक्कसोडीचा निर्णय माझ्या ओटीवर होतो. मी जिथं हात पोचतो तिथं हात घालतेय.

तास घ्यायला एखादी वकीलबाई बोलवा. फादरांनी फक्त ओळख करून द्यावी.

विश्वासू सेवक

पौलानं तीमथ्याला स्पष्ट लिहिलंय, स्त्रीनं शिकवावं किंवा पुरुषावर अधिकार चालवावा हे मी होऊ देत नाही. करिंथकरांस पत्रातही तेच. वचन सोयीनं वाचायचं असेल तर ख्रिस्ती कशाला म्हणवता? आज वारसा, उद्या वेदी, परवा लग्नच नको. पाश्चात्य स्त्रीवाद ख्रिस्ताचं नाव लावून आणू नका. आणि इफिसकरांस पत्रात पतीला जे सांगितलंय ते जास्त जड आहे: ख्रिस्तानं मंडळीसाठी प्राण दिला तशी बायकोवर प्रीती कर. एवढं पुरुषानं पाळलं तर कुठल्या बाईला कायद्याची गरज पडेल?

नगरी पाळकपुत्र

सेवकभाऊ, करिंथकरांच्या त्याच पत्रात अकराव्या अध्यायात पौल संदेश देणाऱ्या स्त्रियांनी डोक्यावर पदर घ्यावा की नाही ते सांगतो. म्हणजे बायका सभेत बोलत होत्याच. रोमकरांस पत्राच्या शेवटच्या अध्यायात फिबी ही किंख्रियाच्या मंडळीची सेविका, तिच्यासाठी पौल शिफारस करतो. प्रिस्किल्लेनं अपुल्लोसासारख्या विद्वानाला घरी नेऊन मार्ग नीट समजावला. ही नावं तुमच्या वचनसंग्रहात का नाहीत?

आणि 'पाश्चात्य' म्हणू नका. रमाबाई इंग्लंडला चेल्टनहॅमला संस्कृत शिकवायच्या. पुरुष विद्यार्थ्यांना शिकवायचा विषय निघाला तेव्हा हरकत घेतली ती इंग्रज बिशपांनी. बाईंनी ठणकावलं, की माझ्या वडिलांनी आणि नवऱ्यानं जे चालवून घेतलं ते तुम्हाला चालत नाही? गंगामुळात वाढलेली ब्राह्मण बाई पाश्चात्य पाद्रीला समता शिकवत होती, १८८५च्या सुमाराला. पुढं केडगावला मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं, छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याही बायकाच. सेवकभाऊ, एका स्त्रीनं शिकवलेलं बायबल महाराष्ट्रात १९२४ पासून आहे.

मडगावकर

गोव्यातून लिहितो. आमच्याकडे पोर्तुगीज काळापासूनच्या कायद्यानं मुलांना अर्धी मिळकत सक्तीनं द्यावीच लागते, मुलगा-मुलगी सारखी. बापाला फक्त उरलेल्या अर्ध्याचं मृत्युपत्र करता येतं. लग्नाच्या वेळी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मिळकत एक होते, घर विकायला बायकोची सही लागतेच. आणि हे फक्त ख्रिस्ती लोकांना नाही, सगळ्या गोंयकारांना.

पण फार हुरळू नका. बाप गेल्यावर बहिणी नोटरीपुढं त्यागाचा दस्त इथंही करतात. 'भावाशी वाईटपणा कशाला' हे वाक्य मांडवीच्या दोन्ही काठांवर ऐकू येतं. फरक एकच, आमच्याकडे बापाला आधीच मृत्युपत्रानं मुलीला पुरतं पुसता येत नाही. तुमच्याकडे येतं. ताईंच्या पोस्टमध्ये ही गोष्ट राहिलीय.

काळा कोट

वकील आहे, म्हणून दोन गोष्टी, भाषण नाही.

मडगावकर म्हणतात ते खरं आहे आणि तीच मोठी भगदाड. १९२५च्या कायद्याखाली ख्रिस्ती बापाला सगळी मिळकत एका मुलाच्या नावे करता येते. मेरी रॉय यांचा खटला आठवा. त्रावणकोरच्या जुन्या कायद्यात सिरीयन ख्रिस्ती मुलीला मुलाच्या हिश्शाच्या चौथा भाग किंवा पाच हजार रुपये, यातलं जे कमी ते. १९८६ला सर्वोच्च न्यायालयानं तो कायदा १९५१ पासूनच लागू नव्हता असं ठरवलं. मुली कागदोपत्री बरोबरीला आल्या, आणि केरळात मुलींना वगळणारी मृत्युपत्रं करायची लाट आली. विरोध करणाऱ्यांत चर्चचे लोकही होते. म्हणून रमेदीच्या बाबूंना सांगते, देवळानं यात हात घातला नाही असं नाही. घातला, पण भावाच्या बाजूनं.

दुसरी. घटस्फोटाचा १८६९चा कायदा. नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे. बायकोला मात्र व्यभिचाराबरोबर छळ किंवा दोन वर्षं टाकून देणं असंही काहीतरी सिद्ध करावं लागायचं. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं १९९७ला हा भेद मोडला, संसदेनं २००१ला दुरुस्ती केली. म्हणजे 'प्रीती केली तर कायद्याची गरज काय' म्हणणाऱ्या सेवकभाऊंनी ध्यानात घ्यावं, सव्वाशे वर्षांहून जास्त काळ ख्रिस्ती बाई या अन्यायी कलमाखाली होती आणि तेव्हाही इफिसकरांस पत्र होतंच.

शिबिरातला तास मी फुकट घेईन. वसई ते विरार कुठंही.

रमेदीचा बाबू

वकीलताई, कायदा तुम्हाला जास्त कळतो. पण माझ्या गुंठ्यांच्या प्रश्नाला अजून कुणी उत्तर दिलं नाही. बारा गुंठ्यांचं काय करायचं ते सांगा, मग तास घ्या.

काळा कोट

तुकडेच करा असं कोण म्हणतंय? नावं पाचही चढवा, कसणारा एकच राहू दे. बहिणींना वर्षाला उत्पन्नातला काही भाग द्या. आई-बाबांच्या औषधपाण्याचा खर्च तुमचा तर तो हिशोबात धरा, लेखी. किंवा बहिणींचे हिस्से बाजारभावानं विकत घ्या, हप्त्यानं घ्या. तुम्ही त्याग म्हणता त्याची किंमत साडी आणि मिठाई एवढीच का, हा प्रश्न आहे.

रमेदीचा बाबू

बाजारभावानं? वसईत? चेष्टा करता का.

एक वाचक

आजवर नुसतं वाचत होते, पहिल्यांदाच लिहितेय. वडील हयात आहेत. भाऊ म्हणतो आत्ताच सही करून टाक, नंतर धावपळ नको. पुढच्या रविवारी कागद आणणार आहे. काय करू?

काळा कोट

सही करू नका. वडील जिवंत असताना तुमचा हक्क निर्माणच झालेला नाही, नुसती वारसाची आशा सोडून देता येत नाही. अशा कागदाला कायद्यात वजन नाही, पण पुढं तोच कागद तुमच्या तोंडापुढं नाचवतील. आणि नुसता फेरफार झाला, नाव चढलं नाही, म्हणून मालकी जात नाही, हेही ध्यानात ठेवा. भावाला म्हणा, कागद आधी वकिलाला दाखवते.

रमेदीचा बाबू

घ्या! लागलं ना घरात भांडण. हेच म्हणत होतो मी.

पापडीची लेक

भांडण बाप जिवंत असताना सही मागणाऱ्यानं लावलंय, बाबूभाऊ. ताई, रविवारी काय झालं ते इथं लिहा. धर्मग्राम परिषदेला द्यायच्या अर्जाचा मसुदा मी उद्या टाकते, नगरच्या मंडळींनी त्यात कमिटीतल्या खुर्च्यांचा मुद्दा घालायचा असेल तर घाला, पण वेगळ्या परिच्छेदात.