पस्तीस पुस्तकं वाचली, वागणं मात्र तेच. काय चुकतंय?

मिरजकर_९७
नमस्कार मंडळी. वय २८, कुपवाड एमआयडीसीत एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे, हातात ३४ हजार येतात. लॉकडाऊनमध्ये वाचायचा नाद लागला तो सुटलाच नाही, शेअर मार्केट, सवयी, करिअर, मोठ्या लोकांची चरित्रं, वाचनालयातनं नाहीतर प्रदर्शनातनं मिळेल ते आणायचं आणि सेकंड शिफ्टवरनं आलं की वाचत बसायचं. दोन शंभरपानी वह्या भरल्यात नोट्सनी.

आता खरं सांगतो. वहीत लाल पेनानं लिहिलंय 'बाजार पडला की घाबरायचं नाही', आणि बाजार पडल्यावर म्युच्युअल फंडातली दरमहाची एसआयपी बंद केली ती मीच. त्याच्या पुढच्याच पानावर 'जे कळत नाही त्यात पैसे घालायचे नाहीत', आणि त्याच आठवड्यात शिफ्टमधल्या एकाच्या टेलिग्राम ग्रुपवरची टिप बघून ऑप्शन घेतले, १८ हजार गेले. घरी अजून बोललो नाही. नोकरीचंही तेच, पुण्याकडं जावं का इथंच राहावं, एक पुस्तक म्हणतं उडी मार, दुसरं म्हणतं एका जागी मुरत जा, आणि मला वाचताना दोन्ही पटतात!! वाचन बंद करू का वेगळं काही वाचू?

भडंगप्रेमी
बाकी काही असो भावा, लेखकांची एसआयपी तू एकदाही चुकवली नाहीस.

विश्रामबाग_काका
हसू नका रे, प्रामाणिकपणे विचारतोय पोरगा.

मी बँकेतनं रिटायर झालोय, ३३ वर्षं नोकरी. आधी ऑप्शनचं बोलतो. शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीनं २०२४ मध्ये आकडे जाहीर केलेत, आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत एफअँडओ म्हणजे फ्युचर-ऑप्शन करणाऱ्या दर १०० साध्या माणसांतले ९३ तोट्यात, सरासरी तोटा माणशी २ लाखांच्या आसपास. सेबीच्या साइटवर फुकट आहे, कंटाळवाणं आहे म्हणून कुणी वाचत नाही. तुझे १८ हजार गेले म्हणजे तू स्वस्तात सुटलास असं मी म्हणेन.

आता माझं ऐक. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, २०२० च्या आधी तो १ लाखच होता, आणि पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतोच. हे मी काउंटरवर बसून लोकांना इतक्या वेळा सांगितलंय की झोपेत उठवलं असतं तरी सांगितलं असतं. आणि स्वतः काय केलं, मेव्हण्याच्या ओळखीनं एका पतसंस्थेत दोन टक्के व्याज जास्त मिळतंय म्हणून पीएफचे पैसे ठेवले. सात वर्षं हेलपाटे घातले, अजून निम्मे यायचेत. तेव्हा माहीत असून चुकणारा तू एकटा नाहीस.

एक कर. वहीत वाक्यं लिहायचं बंद कर आणि एक हिशोब हातानं मांड. १ लाख, वर्षाला १२ टक्के, तीस वर्षं (१२ मिळतीलच असं कुणी लिहून देत नाही, हिशोबाला धरलंय). दहा वर्षांनी होतात ३ लाख ११ हजार, वीस वर्षांनी ९ लाख ६५ हजार, तिसाव्या वर्षी जवळजवळ ३० लाख. म्हणजे वीस लाख एकट्या शेवटच्या दहा वर्षांतले. अॅपवर हे दोन सेकंदांत दिसतं आणि विसरतं, तीस ओळी लिहिताना पहिल्या बारा-तेरा ओळींत काहीच होत नाहीये हे बोटांना कळतं. माणूस एसआयपी बंद करतो ती नेमकी त्या ओळींत.

हरिपूर_हळद
काकांचं बरोबर आहे पण नुसतं थांबून चालत नाही, आमच्या घरचं सांगतो.

आम्ही सांगलीजवळच्या हरिपूरचे, आजोबा हळदीचे व्यापारी. पूर्वी आमच्याकडं हळद पेवात ठेवायचे, जमिनीत खोल खड्डा, तळाला नि कडेनं पाला लावायचा, हळद ओतायची, तोंड मातीनं लिंपून टाकायचं. भाव येईस्तोवर दोन दोन वर्षं माल आत, कीड नाही काही नाही. पेव उघडलं की लगेच कुणी उतरायचं नाही, आधी दोरीनं कंदील सोडायचा. विझला तर आत हवा नाही, आज काम बंद.

आजोबा थांबण्यात पक्के होते. सगळे विकून मोकळे व्हायचे तेव्हा हे बसून राहायचे आणि बऱ्याचदा तेच खरे ठरायचे. मग २००५ चा पूर आला. पेवांत पाणी शिरलं, माल कुजला, हरिपुरातली बहुतेक पेवं त्यानंतर कामाचीच राहिली नाहीत. आजोबांचा भावाचा अंदाज चुकला नव्हता, पण सगळा माल एकाच नदीच्या काठाला होता. गावातले बरेच तसेच अडकले.

पण मला त्यांच्या कीर्दीबद्दल बोलायचंय. माल पेवात टाकताना ते आकड्याच्या बाजूला कारण लिहायचे, 'निजामाबादचा माल उशिरा', 'अमका पैसे नकोत म्हणाला म्हणून थांबलो'. विकताना ते पान उघडायचे. बऱ्याच ठिकाणी शेजारी लिहिलंय 'कारण खोटे निघाले, भाव मात्र मिळाला'. म्हणजे फायदा झाला तरी स्वतःला शाबासकी नाही! पुस्तकांच्या नोट्स पुष्कळ झाल्या भावा, आता स्वतःच्या निर्णयांच्या काढ. घेताना दोन ओळी, विकताना दोन ओळी, तारीख टाकून.

सातारी_कंदी
पेवाचं भारी सांगितलं दादा.

मी साताऱ्याची, कॉलेजात कमवा-शिकात होते, नंतर पुण्यात सहा वर्षं नोकरी, आता परत. चरित्रं वाचताना माझी एक तक्रार असते, वाईट काळ त्यात फार लवकर संपतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांचंच घ्या, मुंबईत शिकवायची नोकरी, बढती डावलली म्हणून सोडली, बेळगावला सायकलचं दुकान, मग तिथनंही जागा सोडायची वेळ आली, औंध संस्थानच्या राजांनी माळ दिला आणि १९१० ला किर्लोस्करवाडी. लोखंडी नांगरानं जमीन नासते म्हणून शेतकरी घेईनात, पहिले नांगर दोन वर्षं पडून होते. पुस्तकात ती दोन वर्षं एका पानात उलटतात. घरात ती सातशे तीस दिवस असतात, रोज कोणतरी विचारतं 'गेला का एखादा?'

आणि तेच नांगर विकायला पुढं कोण फिरत होतं, तर भाऊराव पाटील. कर्मवीर! आधी ओगल्यांच्या काचमालाचे विक्रेते, मग किर्लोस्करांचे. रयत शिक्षण संस्था त्यांनी १९१९ ला काढली, कराडजवळच्या काले गावात. गावं त्यांनी पाहिली ती या फिरतीतच, असं मला वाटतं. म्हणून 'उडी का मुरणं' यात तू अडकू नको, आत्ताच्या नोकरीत तुला काय बघायला मिळतंय ते बघ. कास्टिंग रिजेक्ट का होतं हे तुला कळतं ना? चाकणला त्याचेच पैसे देतात.

आणि राजीनाम्याआधी कंदील सोड. दोन सुट्ट्या काढ, दोन इंटरव्ह्यू दे, रूमचं भाडं, मेसचे पैसे विचारून ये, मग ठरव.

मिरजकर_९७
सगळ्यांचे आभार, दोन दिवस वाचतोय हेच.

तीस ओळी मांडल्या काका, सतराव्या ओळीत गुणाकार चुकला, परत केल्या. एसआयपी का बंद केली हे तारखेसकट लिहायला बसलो, वाटलं काहीतरी व्हॅल्युएशन वगैरे लिहीन. लिहिलं गेलं ते 'ग्रुपमधल्या तिघांनी बंद केली म्हणून.' वाचून लाज वाटली. चाकणच्या एका कंपनीत मंगळवारी इंटरव्ह्यू आहे, भाड्याचं विचारून येतो.

घरी पण सांगितलं. पप्पा रागावले नाहीत, एवढंच म्हणाले की तेवढ्यात विहिरीवरची मोटार चार वेळा भरून झाली असती.

विश्रामबाग_काका
ते सगळं ठीक, एसआयपी चालू केलीस का?

मिरजकर_९७
पाच तारखेला जातीय पहिली. २ हजाराचीच.