पुणे–मिरज–सावंतवाडी–मडगाव: बहीणभावाच्या घरगुती बैठकींसाठी पेटी, तबला आणि पट्टीबद्दल सल्ला हवा

खर्जातला

भाद्रपदात बहीण आणि मी मित्रमंडळींकडे जाणार आहोत. पुणे–मिरज रेल्वेने, तिथून कोल्हापूर–आजरा–आंबोलीमार्गे गाडीने सावंतवाडी, पुढे कोकण रेल्वेने मडगाव. परतीचा प्रवास विमानाने. प्रत्येक मुक्कामी एक संध्याकाळ घरातच बसायचं. ऐकणारे दहा-पंधरा, माईक नाही.

मी पेटी वाजवतो आणि काळी १ मध्ये गातो, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी हा माझा सा. बहीण काळी ४ मध्ये गाते, ठेका धरण्यापुरता तबलाही वाजवते. मिरजेचा मित्र तबलजी आहे, सावंतवाडीत भजनी पखवाज आहे, मडगावच्या मैत्रिणीकडे गिटार आणि घुमट (मातीचं तालवाद्य).

पेटी कोणती न्यावी (घरी स्केल चेंजर, म्हणजे पट्ट्या सरकवून सा बदलता येणारी पेटी आहे, एक फोल्डिंग उसनी मिळू शकते)? तबला बरोबर घ्यावा की फोनवरचा चालेल? दोघांच्या पट्ट्यांचा मेळ कसा घालावा? दमट हवेत काय सांभाळावं? सामान आणि कृती सांगा, रसग्रहण नको.

मूर्च्छना

पट्टीचं, म्हणजे कोणी कुठला सूर सा धरायचा ते, आधी ठरवा. बाकी सगळं सामान त्यावर अवलंबून आहे.

तुमची काळी १ आणि बहिणीची काळी ४ ही जोडी सोयीची आहे. तुमचा पंचम म्हणजे तिचा षड्ज, तिचा शुद्ध मध्यम म्हणजे तुमचा षड्ज. पं. जसराजांच्या 'जसरंगी' जुगलबंदीत (दोघं आपापल्या सा वरून वेगळे राग एकत्र गातात) गायक-गायिकेचं नातं हेच असतं. घरगुती बैठकीत ते साधायला सगळ्यात सोपी जोडी भूप आणि दुर्गा या रागांची.

तुम्ही काळी १ वरून भूप गा: काळी १, काळी २, पांढरी ४, काळी ४, काळी ५. याच पाच पट्ट्या काळी ४ पासून वाजवा, दुर्गा होतो. काळी ४ सा, काळी ५ रे, काळी १ म, काळी २ प, पांढरी ४ ध. पेटीवरचा हात हलवायचा नाही, पट्टी बदलायची नाही. भूपातला तुमचा गंधार तिच्या दुर्गातला धैवत होतो, त्यामुळे तुमची विश्रांतीची जागा तिलाही परकी वाटत नाही.

घोळ होतो तो तानपुऱ्यात. एकच तानपुरा काळी १ वर 'प सा सा सा' असा लावला तर तिच्या कानाला तो 'सा म म म' ऐकू येतो. तीन तारा मध्यमाच्या, एक षड्जाची! दहा मिनिटांत ती नकळत मध्यमाला सा मानायला लागते आणि दुर्गाचा भूप होतो. उपाय म्हणजे दोन फोन, दोन तानपुरा ॲप. तुमच्याजवळचा काळी १, पहिली तार पंचम. तिच्याजवळचा काळी ४, पहिली तार मध्यम. दोन्हींत मिळून तेच दोन स्वर वाजतात, पण प्रत्येकाच्या कानाशी स्वतःचा सा जास्त राहतो. दोन्ही ॲपमधलं बारीक सुराचं माप, म्हणजे सेंट, सारखंच हवं. एकावर शून्य आणि दुसऱ्यावर अधिक ८ असेल तर खोलीभर लाटा ऐकू येतात.

तालासाठी मध्यलय त्रिताल, मिनिटाला १०० ते १२० मात्रा. देवाणघेवाण आधी चार-चार आवर्तनांची, मग दोन, मग एक. दुसऱ्याने समेवर (पहिल्या मात्रेवर) उचलू नये, खालीपासून म्हणजे नवव्या मात्रेपासून मुखडा (गाण्याची सुरुवातीची ओळ) घेऊन समेवर यावं. समेवर उचललं की पहिल्याचा शेवट चिरडला जातो.

अभंग, भावगीतांना हे लागू करू नका. तिथे पट्टी एकच, काळी १, आणि गाण्याची वाटणी उंचीप्रमाणे करा. ध्रुवपद खालच्या अंगाचं असेल तर ते तुमचं. अंतरा पंचमापासून तार गंधारापर्यंत जात असेल तर तो तिचा, कारण तुमचा प ते तार ग म्हणजे तिच्या मोजणीत सा ते ध. तिला न ओढता जमतं, तुम्हालाही किंचाळावं लागत नाही.

चाटेवरचा_ना

वरचं पट्टीचं पक्कं धरून तबल्याचं सांगतो.

फोनवरचा तबला प्रवासात रियाजापुरता ठीक. बैठकीत तो लय सोडत नाही हाच त्याचा दोष. अभंगात गायक शब्दावर जरा रेंगाळला की ठेका पुढे निघून जातो. खरा तबला न्या, पण जोडी पूर्ण न्यायची गरज नाही. मिरजेत डग्गा (डाव्या हाताचा) असणारच. बाकी दोन ठिकाणी विचारून घ्या आणि शक्य असेल तर फक्त दायाँ (उजव्या हाताचा) न्या. डग्गा कोणाचाही चालतो, तो पट्टीला बांधलेला नसतो. दायाँ मात्र असतो.

साडेपाच इंची तोंडाचा घ्या. तो साधारण पांढरी १ ते काळी १ ला बसतो. काळी ४ साठी सव्वासहा इंचाच्या आसपासचा लागेल, तो जड आणि या कामाला अनावश्यक. काळी १ ला लावलेला तबला बहिणीला मध्यमाचा लागतो. दुर्गात मध्यम ठळकच असतो, त्यामुळे खटकत नाही.

निघण्याआधी गट्टे (बाजूचे लाकडी ठोकळे) वर सरकवून तबला अर्धा ते एक स्वर उतरवा. मुक्कामी पोचल्यावर लगेच चढवू नका, खोलीत उघडा ठेवून तासभर थांबा. आंबोलीच्या घाटातल्या हवेतून आलेली पुडी (तबल्याच्या तोंडावरचं चामडं) भिजल्यासारखी सैल असते. तिला तेव्हाच ठोकून काळी १ ला आणली की घरात माणसं जमल्यावर, पंख्याखाली, ती सुकून पाव-अर्धा स्वर चढते. मग ऐन गाण्यात हातोडी. आधी गट्ट्यांनी ढोबळ, मग गजऱ्यावर (पुडीच्या कडेची वेणी) समोरासमोरच्या घरांत (चामडी दोऱ्यांमधल्या जागांत) बारीक. एकाच बाजूने ठोकत गेलात तर चाट (पुडीची कड) एका अंगाला ओढली जाते आणि सोळा घरांपैकी कुठलीच दोन जुळत नाहीत.

हेअर ड्रायर, ऊन, गॅसची शेगडी हे तिन्ही वर्ज्य. चामडं सुकायच्या आधी शाई (मधला काळा ठिपका) तडकते, आणि तडकलेली शाई प्रवासात दुरुस्त होत नाही. पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाका, शे-दीडशे ग्रॅम पुरे, पण तबल्याच्या चामड्याला टेकू देऊ नका. वर कापसाची गादी, मग झाकण.

बरोबर ठेवायचं: हातोडी, दोन चुंबळी (तबल्याखाली ठेवायची कडी), टाल्कम पावडर, एक जादा गट्टा, सुती फडकं. परतीच्या विमानात हातोडी हातातल्या बॅगेत ठेवू नका, सुरक्षा तपासणीत काढून घेतात. ती चेक-इनमध्ये. बहुतेक देशांतर्गत विमानांत साध्या तिकिटावर हातातलं सामान ७ किलो आणि चेक-इन १५ किलो असतं. दायाँ हातात बसतो, डग्ग्यासकट पिशवी बसेलच असं नाही. डग्गा न नेण्याचं हे आणखी एक कारण.

भाता_सात_घड्या

फोल्डिंगच न्या. स्केल चेंजरचा फायदा पट्टी बदलणाऱ्याला. तुमचं सगळं काळी १ वर आहे, मग खोक्यासकट पंधरा-अठरा किलो कशाला ओढायचे? शिवाय स्केल चेंजरची सरकती पट्टी धक्क्याने जराशी तिरकी झाली की एका टोकाचे सूर नीट बसत नाहीत, आणि ते घरच्या घरी सरळ करता येत नाही.

उसनी घेताना तीन चाचण्या. भाता भरा, सगळे स्टॉप बंद करा, आणि हवा किती वेळ टिकते बघा. चार-पाच सेकंदांत बसत असेल तर ती पेटी नको. मग स्टॉप उघडून, एकही पट्टी न दाबता भाता हलवा. बारीक कण्हणं ऐकू आलं तर एखादी पट्टी पूर्ण बसत नाही. शेवटी काळी १ आणि काळी ४ एकत्र धरून ठेवा. सा-प शांत लागला पाहिजे. तो हेलकावे खात असेल तर तुमची भूप-दुर्गाची सगळी इमारत त्या हेलकाव्यांवर उभी राहील.

नेताना पट्ट्यांवर तीन-चार घड्यांचा पंचा ठेवून वरची फळी बंद करा, पट्ट्या उड्या मारत नाहीत. भात्याची कडी लावा. रेल्वेत स्लीपर आणि थ्री एसीला माणशी ४० किलो सामान चालतं, वजनाची काळजी नाही. बर्थखाली मात्र आडवी ठेवा. उभी ठेवली की एखाद्या रीडखाली कचरा जाऊन बसतो आणि ऐन वेळी तो सूर मुका होतो. तसं झालंच तर वरचं झाकण काढा, त्या रीडच्या पात्याखालून पातळ कोरा कागद हलकेच सरकवून बाहेर ओढा. तोंडाने फुंकर मारू नका, वाफ पितळेवर बसते. पातं नखाने उचलू नका, सूर कायमचा हलतो.

किनाऱ्यावर पट्ट्यांचं लाकूड फुगून दोन पट्ट्या एकमेकींना घासतात. दाबलेली पट्टी वर येत नाही. पॉलिश पेपर काढून घासायला बसू नका, पुण्यात परत आल्यावर तिथे फट दिसेल. मधे पोस्टकार्डाची कड वरखाली फिरवा, संध्याकाळ निभते.

मूर्च्छना

एक राहिलं. पेटी ४४० हर्ट्‌झच्या मापावरच असेल असं धरू नका, दोन-तीन हर्ट्‌झ वर असलेल्या पुष्कळ भेटतात. ट्यूनर ॲपवर पेटीची काळी १ मोजा, जो फरक येईल तो दोन्ही तानपुरा ॲपमध्ये घाला, मग तबला पेटीवर मिळवा. हट्टी वाद्य पुढे, बाकीची मागे. बासरीवाला कोणी आला तर पेटीनंतर दुसरी हट्टी तीच.

खर्जातला

भूप-दुर्गाची कल्पना बहिणीला पटली आहे. मडगावची गिटार भूपात कशी बसवायची? आणि घुमटाचं काही?

सस_टू

गिटारला पहिल्या घरावर कॅपो (सगळ्या तारा दाबणारा चिमटा), मग सी कॉर्डचे आकार धरले की काळी १ मिळते. पण नेहमीचे सी-एफ-जी वाजवू देऊ नका. एफ मध्ये मध्यम आहे, जी मध्ये निषाद, दोन्ही भूपाला वर्ज्य. चालणारे सोपे आकार चार: सी, ए मायनर, जी सस टू, डी सस फोर. हे चारही भूपाच्या पाच स्वरांतूनच बनतात. बहिणीच्या दुर्गाच्या वेळी जी सस टू आणि सी यांवर थांबायचं, ए मायनर कमी. स्ट्रमिंगपेक्षा एकेक तार, मात्रेला एक. आणि कॅपो लावल्यानंतर पेटीवर मिळवा, आधी नाही. कॅपोच्या दाबाने तारा किंचित चढतात.

म्हापशेकार

घुमटाबद्दल. मातीचं मडकं, एका तोंडाला चामडं, दुसरं तोंड उघडं. डाव्या हाताने उघडं तोंड झाकत-सोडत घुमारा बदलतात. पूर्वी घोरपडीचं चामडं लावत. घोरपड १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येते, त्यामुळे तसं घुमट विकत घेणं, बाळगणं, विमानातून आणणं सगळंच गुन्हा. आता बकरीच्या चामड्याची बनतात. गोवा सरकारने २०१९ मध्ये घुमटाला वारसा वाद्य म्हणून घोषित केल्यानंतर तीच जास्त दिसतात. भेट म्हणून मिळालं तरी चामडं कशाचं ते विचारूनच घ्या.

बसवायचं तर भूपात नको, आरतीत आणि अभंगात वापरा. डग्गा असेल तर एकाने थांबायचं, दोघांचा घुमारा एकाच पातळीवर येतो आणि शब्द बुडतात.

चाटेवरचा_ना

सावंतवाडीचा पखवाज विसरू नका. भजनी मंडळाचा पखवाज त्यांच्या बुवांच्या पट्टीला चढवलेला असतो आणि ती तुमच्या काळी १ च्या जवळ असेलच असं नाही. आदल्या आठवड्यात फोन करून विचारा. स्वरभर फरक असेल तर त्या संध्याकाळपुरती तुम्ही पट्टी हलवा. पखवाज दोन-तीन स्वर ओढायला लावलं तर वादी (चामड्याची दोरी) तुटते, आणि ती यजमानाची असते. बंद खोलीत पखवाज आणि तबला एकत्र नकोत.

धडधड

रेकॉर्डिंगचं थोडक्यात. तानपुऱ्याचे दोन फोन अडकलेले असणार, म्हणून रेकॉर्डिंगला तिसरा. विमान मोड. गायकांपासून दीड-दोन मीटर, बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर, पेटीच्या भात्याच्या समोर नाही. जमिनीवर ठेवलात तर डग्ग्याची धडधड फरशीतून थेट फोनमध्ये जाते. डब्ल्यूएव्ही, ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट, स्टीरिओ घेतलं तर तासाला साधारण १ जीबी, जागा मोकळी करून निघा. आपोआप आवाज वरखाली करणारी सोय बंद करा, नाहीतर गाणं थांबलं की तानपुरा फुगतो. सगळ्यात मोठा सूर उणे १२ डेसिबलच्या आसपास.

तानपुरा ब्लूटूथ स्पीकरवर लावणार असाल तर आधी घरी अर्धा तास हळू आवाजात चालवून बघा. काही स्पीकर बारीक आवाजाला शांतता समजून झोपी जातात.

खर्जातला

मिरजेत खरा तानपुरा मिळाला तर?

मूर्च्छना

मिरजेच्या तानपुऱ्याला आणि सतारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, तेव्हा न मिळाला तर आश्चर्य. त्या एका संध्याकाळपुरता वापरा, पण तो काळी ४ चा, बायकी मापाचा असेल तर बहिणीकडे द्या आणि पहिली तार मध्यमाला उतरवा. काळी १ चा मर्दानी असेल तर तुमच्याकडे. फोन दुसऱ्याकडे. जवारीच्या दोऱ्याला (तारेखालचा, झंकार साधणारा दोरा) हात लावण्याआधी मालकाला विचारा. पुढे नेऊ नका. आंबोलीच्या रस्त्यावर गाडीच्या डिकीत तानपुऱ्याचा भोपळा ठेवण्याइतकी घाई कोणालाच नसावी.